ख्रिस्तपुराणाचे धनी कोण?

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला फादर थॉमस स्टीफन्स हे नाव बहुधा एकाच कारणासाठी ठाऊक असते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या मोजक्या ओव्या त्याने कधी तरी पाठ केलेल्या असतात. रत्न, मोगरा, कस्तुरी अशा उपमांनी सजलेल्या या ओव्या भाषादिनी व्यासपीठावरून म्हटल्या जातात, अग्रलेखांत उद्धृत होतात आणि एका इंग्रज जेज्वित धर्मगुरूने मराठीवर एवढे प्रेम करावे याचे कौतुक होते. ते कौतुक रास्तच आहे. पण या ओव्या ज्या ग्रंथातून घेतल्या, त्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११,००० ओव्या आहेत; पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वरू आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांत सांगितली आहे. यांपैकी किती ओव्या आपण वाचल्या आहेत? आपल्या किती घरांत हा ग्रंथ आहे? धर्मग्रामाच्या किती वाचनालयांत तो सहज हाती येतो?

या प्रश्नांचे उत्तर देताना वाचकांच्या उदासीनतेला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला पटत नाही. ख्रिस्तपुराणाच्या चार शतकांच्या प्रवासाकडे पाहिले, तर वाचकाने ग्रंथाकडे पाठ फिरवली असे दिसत नाही. ग्रंथ वाचकापासून दूर ठेवला गेल्याचे प्रसंगच अधिक दिसतात. तो कधी लिपीमुळे दूर राहिला, कधी राजाज्ञेमुळे, कधी अंतरामुळे, तर कधी किमतीमुळे. आज संगणकाच्या काळात ‘बौद्धिक संपदा’ आणि ‘ज्ञानाची मुक्त उपलब्धता’ या शब्दांनी जो वाद चालू आहे, तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याच आद्य महाकाव्याच्या कथेत तो पहिल्या पानापासून गुंफलेला आहे.

१

स्टीफन्स यांनी हे पुराण का लिहिले, याचे उत्तर पुराणातच आहे. ग्रंथाच्या आरंभी साष्टीतील नवख्रिस्ती श्रोते गुरूभोवती जमलेले असतात आणि त्यांतील एक ब्राह्मण गुरूला विनवितो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आमची जुनी पुराणे तुम्ही आमच्याकडून सोडविलीत. पण त्यांच्या जागी आम्ही वाचावे, ऐकावे, मनाचा विरंगुळा करावा असे दुसरे पुराण काही तुम्ही आम्हांस दिले नाही. ही विनंती नम्र आहे, तशीच ती टोचणारीही आहे. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे त्या माणसाला मिळाली होती. त्याला हवा होता ग्रंथ, तोही आपल्या भाषेतला आणि आपल्या छंदातला. ज्या समाजाचे जुने ज्ञानभांडार काढून घेतले गेले, त्या समाजाने नव्या ज्ञानावर आपला हक्क सांगावा, असा हा प्रसंग आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभच अशा मागणीतून झाला, ही गोष्ट समीक्षकांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

स्टीफन्स यांनी ती मागणी मनावर घेतली. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. या चाळीस वर्षांत त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरण रचले, ख्रिस्ती सिद्धान्ताची प्रश्नोत्तरी लिहिली आणि हे महाकाव्य सिद्ध केले. पण त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. १६०८ मध्ये आपल्या संघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखविली आहे. या देशाच्या भाषेतील पुस्तके या देशाच्याच लिपीत छापलेली पाहावीत, असे त्यांना अनेक वर्षे वाटत होते. अडचणी दोन होत्या. युरोपीय लिपीला दोन डझन खिळे पुरतात, तेथे या लिपीला जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे लागतील, ही एक. आणि वरिष्ठांची आज्ञा व आशीर्वाद यांवाचून हे काम हाती घेता येत नाही, ही दुसरी. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्येच आले होते. तरीही १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापून निघाले ते रोमन लिपीत. ज्ञानाच्या वाटेवर तंत्र आणि परवानगी हे दोन पहारेकरी उभे असतात. स्टीफन्स यांनी चार शतकांपूर्वी त्यांची नोंद करून ठेवली आहे, आणि आजही ते दोघे तेथून हललेले नाहीत.

२

१६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम काढला. अशा वातावरणात मराठी पुराणाच्या चौथ्या आवृत्तीची अपेक्षा कोण करणार? तरीही ग्रंथ मेला नाही. तो जगला नकलांवर. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, घरांतून आणि देवळांतून गाइला, मंगळूरकडे स्थलांतर करताना बरोबर नेला.

या नकला करणाऱ्यांनी कोणाची अनुमती घेतली होती? मुद्रणाला चर्चच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागे. बोरू आणि शाई घेऊन बसलेल्या भाविकाला तीही लागत नव्हती. त्या काळी लेखकाचा ‘प्रतिहक्क’ ही कल्पनाच रुजलेली नव्हती. पण एक गोष्ट या अनामिक लेखनिकांनी पाळली. ग्रंथ कोणाचा हे ते विसरले नाहीत. पाद्री एस्तेव्हांव हे नाव पुराणाबरोबर चालत राहिले. छापील प्रत नष्ट झाली, छापखाना बंद पडला, भाषेवर बंदी आली. पण नाव उरले आणि ग्रंथही उरला. नक्कल करणे म्हणजे चोरी, हे समीकरण सरसकट मांडणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत नक्कल हेच जतन होते.

याच्या उलट बाजूची एक कथा आयर्लंडच्या ख्रिस्ती परंपरेत सांगितली जाते. सहाव्या शतकात संत कोलंबा यांनी आपले गुरू संत फिनियन यांच्याजवळील स्तोत्रग्रंथाची गुपचूप नक्कल केली. गुरूंनी नक्कल मागितली, शिष्याने नाकारली आणि वाद राजापुढे गेला. वासरू जसे गाईच्या धन्याचे, तशी नक्कल मूळ पोथीच्या धन्याची, असा निकाल राजाने दिला. त्यातून पुढे लढाई झाली आणि माणसे पडली, असेही ही कथा सांगते. विद्वान तिला दंतकथा मानतात. पण कोलंबांच्या नावाशी जोडलेली ती पोथी डब्लिन येथे आजही जपलेली आहे. राजाचा न्याय वरवर बिनतोड वाटतो. तथापि त्यात एक खोट आहे. वासरू एकाने नेले, तर दुसऱ्याचा गोठा रिता होतो. स्तोत्रांची नक्कल झाली, तर मूळ पोथीतील एक अक्षरही कमी होत नाही. गाय आणि ग्रंथ यांतील हा भेद न ओळखल्यामुळे ज्ञानाच्या मालकीविषयीचे पुष्कळसे वाद आजही त्या राजाच्या दरबारातच अडकून पडले आहेत.

३

आधुनिक काळात ख्रिस्तपुराण पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय जोसेफ सालदान्हा यांचे. त्यांनी अनेक हस्तलिखिते ताडून १९०७ मध्ये मंगळूर येथे पुराणाची रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. हा ग्रंथ नसता, तर पुढील कोणतीही आवृत्ती निघाली नसती. त्यानंतर काही वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. जस्टिन ॲबट यांनी लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्याप्रेमी इंग्रज गृहस्थाने जमविलेल्या पोथ्यांत ते पडून होते. स्टीफन्स यांचा मूळ पाठ हाच, असा ॲबट यांचा दावा होता.

येथे साहित्यसमीक्षेचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. दोन्ही पाठांत कथा तीच आहे, ओवीही तीच आहे. पण शब्दकळा वेगळी आहे. सालदान्हा यांच्या पाठात चर्चच्या व्यवहारातले पोर्तुगीज आणि लॅटिन शब्द ठायी ठायी येतात. मार्सडेन पाठात त्यांच्या जागी बहुधा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मग स्टीफन्स यांनी लिहिले ते कोणते? प्रथम परके शब्द योजून कोणी मागाहून ते गाळले, की प्रथम देशी शब्द होते आणि छपाईच्या वेळी ते बदलले गेले? पहिले खरे मानले, तर स्टीफन्स हे सिद्धान्ताच्या शब्दांना धक्का न लावता मराठी छंदात काव्य रचणारे सावध धर्मगुरू ठरतात. दुसरे खरे मानले, तर ख्रिस्ती श्रद्धेला या भूमीच्या शब्दांत संपूर्णपणे उतरवू पाहणारे धाडसी कवी ठरतात. कवीची सारी प्रतिमा या एका निर्णयावर अवलंबून आहे.

माझा स्वतःचा कल असा, की दोन्ही पाठांना आपापला श्रोता आहे. एक पाठ पोर्तुगीज अंमलाखालील चर्चमध्ये गाइला जाणारा, तर दुसरा देवनागरी वाचणाऱ्या आणि संतकाव्याशी परिचित असलेल्या वाचकासाठी लिहिलेला. दोन्हींपैकी एक ‘खरा’ आणि दुसरा ‘भ्रष्ट’ असे ठरविण्याची घाई करू नये. पण माझा कल बरोबर की चूक हे या नियतकालिकाच्या वाचकाने ठरवायचे म्हटले, तर त्याच्यासमोर दोन्ही पाठ हवेत ना? लंडनची पोथी लंडनला, मंगळूरची आवृत्ती मोजक्या ग्रंथालयांत आणि निकाल आम्ही लेखक मंडळींनी द्यायचा, ही समीक्षा म्हणता येणार नाही. ती आकाशवाणी होय. ग्रंथ सर्वांच्या हाती असणे ही टीकेची पूर्वअट आहे. ज्याला ताडून पाहता येत नाही, त्याला फक्त मान डोलावता येते.

४

देवनागरी वाचकाची सोय प्रथम केली ती शांताराम बंडेलू यांनी. १९५६ मध्ये पुणे येथून त्यांनी सालदान्हा यांच्या पाठाचे देवनागरी रूप प्रसिद्ध केले. स्टीफन्स यांची १६०८ मधील इच्छा अशा रीतीने जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी पुरी झाली, आणि ती एका बिगरख्रिस्ती अभ्यासकाने पुरी केली, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे. १९९६ मध्ये फादर कॅरिदाद द्राग यांची आवृत्ती मुंबईहून निघाली. मूळ ओवीसोबत आजच्या मराठीतील गद्य रूपांतर देऊन त्यांनी सामान्य वाचकाचा हात धरला. पुढे फादर नेल्सन फलकाव यांनी २००३ मध्ये पुराणावरील आपला प्रबंध, २००९ मध्ये मराठी आवृत्ती आणि २०१२ मध्ये इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, आणि मराठी न जाणणाऱ्या जगालाही हा ग्रंथ खुला केला.

या संपादकांच्या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातील रोमन लेखनातून मराठी उच्चार ओळखणे, चुकलेली मात्रा सावरणे, लुप्त शब्दाचा अर्थ लावणे ही कामे वर्षानुवर्षे डोळे फोडल्यावाचून होत नाहीत. म्हणूनच प्रश्न नीट मांडला पाहिजे. ख्रिस्तपुराणाचे धनी कोण? कायद्याचे उत्तर सरळ आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा प्रतिहक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. १६१९ मध्ये मृत्यू पावलेल्या कवीच्या ओव्यांवर आज कोणाचाही हक्क नाही. म्हणजेच त्या सर्वांच्या आहेत. मात्र संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि गद्य रूपांतर ही त्याची स्वतःची निर्मिती असून तिला संरक्षण आहे. न्यायालयीन निकालांच्या छपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असाच विवेक दाखविला. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. पण त्यावर संपादकाने कौशल्य आणि विचार वापरून केलेले परिच्छेदांकन व टिपणे त्याची.

हा भेद कागदावर जितका स्वच्छ आहे, तितका व्यवहारात राहत नाही. मूळ ओव्या सर्वांच्या असल्या, तरी त्या जेव्हा केवळ एखाद्या आवृत्तीच्या वेष्टनातच मिळतात आणि ती आवृत्ती बाजारातून नाहीशी होते, तेव्हा सर्वांची मालमत्ता कुलपात पडते. प्रकाशक ती पुन्हा छापत नाही, कारण खप नाही. दुसरा कोणी छापण्यास धजत नाही, कारण कायद्याची भीती. हक्क कोणाचा हेच माहीत नसल्यामुळे ग्रंथ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. कायदा मोडणाऱ्यांमुळे जितकी पुस्तके बुडाली असतील, त्यांहून अधिक पुस्तके या संकोचामुळे विस्मृतीत गेली असावीत, असे मला वाटते.

५

तर मग सारे कायदे झुगारून द्यावेत काय? तसे म्हणणारी मंडळी आहेत. अमेरिकेतील ॲरन श्वार्ट्झ या तरुणाने २००८ मध्ये एका जाहीरनाम्यातून ज्ञानाची कुंपणे ओलांडण्याचे आवाहन केले. पुढे विद्वत्तापूर्ण नियतकालिकांतील लाखो लेख संगणकावर उतरवून घेतल्याबद्दल २०११ मध्ये त्याला अटक झाली आणि खटला चालू असतानाच २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आपले जीवन संपविले. त्याच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. पण लेख वाचनासाठी उतरविल्याबद्दल एका तरुणावर दीर्घ तुरुंगवासाची टांगती तलवार ठेवणारी व्यवस्था न्याय्य होती असे म्हणणे कठीण आहे.

तथापि लेखकाच्या हक्काचा उगमही अन्यायाच्या निवारणातच आहे, हे विसरता कामा नये. इंग्लंडमध्ये १७१० च्या कायद्याने लेखकाला प्रथमच आपल्या ग्रंथावर हक्क मिळाला. आणि तो कायमचा नव्हता, मुदतीचा होता. विद्येला उत्तेजन मिळावे हे त्याचे घोषित प्रयोजन होते. लेखक उपाशी राहिला तर विद्या खुंटते, आणि हक्क अमर झाला तरीही विद्या खुंटते. मुदतीत सारे शहाणपण होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’चे उदाहरण घ्या. पवित्र शास्त्र कोणाच्या मालकीचे नाही. परंतु त्याला आजच्या मराठीचे रूप देण्यासाठी फादरांनी जी वर्षे वेचली, ती त्यांची होती. त्या पुस्तकाला २०१३ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले ते त्या श्रमासाठी. अशा पुस्तकाची चोरटी प्रत छापून विकणारा मनुष्य ज्ञानप्रसार करीत नसून श्रमाची लूट करीत असतो.

या दोन बाजूंचा मेळ आपल्याला शुभवर्तमानातच सापडतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना कामगिरीवर पाठवितो. जे विनामूल्य मिळाले ते विनामूल्य द्यावे, असे तो त्यांना बजावतो. आणि लगेच पुढे, दोनच वचनांनंतर, काम करणाऱ्याला त्याचे अन्न मिळणे रास्त आहे, असेही सांगतो. आपण यांतील एकच वचन उचलतो आणि वाद घालतो. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीने दोन्ही धरून ठेवली आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही आपल्या काळातील मालमत्ता जमिनीपेक्षा कमी महत्त्वाची नाही असे म्हटले, आणि त्याच पत्रात मालमत्तेचा हक्क सर्वांच्या हिताच्या मर्यादेतच मान्य केला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या ‘कारितास इन वेरिताते’ या परिपत्रकात, श्रीमंत देश बौद्धिक संपदेचा हक्क फाजील ताठरपणे, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, बजावतात याकडे स्पष्टपणे बोट दाखविले.

मात्र शिकवण एक आणि आचरण दुसरे, असे ख्रिस्तसभेच्या घरातही घडते. २००५ मध्ये पोपमहोदयांच्या सर्व लिखाणाचे हक्क व्हॅटिकनच्या प्रकाशनसंस्थेकडे सोपविण्याचा आदेश निघाला, तेव्हा मेंढपाळाच्या शब्दांसाठीही शुल्क मोजावे लागणार काय, असा प्रश्न श्रद्धावंतांनी विचारला. तो गैर नव्हता. त्याच व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या सुमारे ८०,००० हस्तलिखितांची संगणकीय चित्रे घेण्याचे काम हाती घेतले असून हजारो पोथ्या जगातील कोणालाही घरबसल्या विनाशुल्क पाहता येतात. एकाच घराच्या या दोन वृत्ती आहेत. दुसरी वृत्ती स्टीफन्स यांच्या अधिक जवळची आहे, हे सांगावयास नको.

६

संगणकामुळे स्टीफन्स यांचे सहाशे साचे आता अडचण राहिलेले नाहीत. सालदान्हा यांच्या १९०७ च्या आवृत्तीची चित्ररूप प्रत आज कोणालाही संगणकावर पाहता येते. परंतु पानांची छायाचित्रे उपलब्ध झाली म्हणजे ग्रंथ मोकळा झाला, अशी समजूत करून घेणे भाबडेपणाचे आहे. ते चित्र रोमन लिपीत आहे, त्यातील शब्द शोधता येत नाही आणि मराठी वाचकाला चार ओव्या वाचताना धाप लागते. दुसरीकडे, अशा ग्रंथांवरील संशोधनपर लेख बहुधा परदेशी नियतकालिकांत असतात आणि एकेका लेखासाठी मागितली जाणारी रक्कम आपल्याकडील शिक्षकाच्या खिशाला परवडत नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना खुली केली आहेत. योजना स्वागतार्ह आहे. पण कुंपण तेच राहिले, फक्त काहींना सरकारने प्रवेशपत्र दिले. धर्मग्रामात बसून इतिहास लिहिणारा निवृत्त शिक्षक, सेमिनरीतील विद्यार्थी, घरकाम आटोपून लिहिणारी लेखिका कुंपणाबाहेरच आहेत.

याबाबतीत आपल्या न्यायालयांनी दिलेला एक धडा उल्लेखनीय आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध काही बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून देणे हा हक्कभंग नव्हे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. प्रतिहक्क हा दैवी वा नैसर्गिक हक्क नसून समाजाच्या बौद्धिक समृद्धीसाठी कायद्याने दिलेला हक्क आहे, असा त्या निकालाचा रोख होता. दोनशे रुपयांच्या प्रतींवर परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या बाजूने न्याय झुकला.

आता एक आक्षेप विचारात घेतो. सारे मोकळे केले, तर आपल्या समाजाचे धन परके लुटून नेतील, असे काहींना वाटते. भीती निराधार नाही. वसईच्या वाड्यांतून वृद्ध स्त्रिया लग्नाची जी गाणी म्हणतात, ती कोणी ध्वनिमुद्रित करावीत, थोडे संगीत चढवावे आणि आपल्या नावावर खपवावीत, असे सहज घडू शकते. पण हा मोकळेपणाचा दोष नव्हे. सर्वांच्या मालकीची वस्तू एकाने आपल्या नावावर चढविण्याचा हा दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे कुलूप घालणे नव्हे, तर नोंद करणे. गाणे कोणत्या गावचे, कोणी गाइले, कोणाकडून शिकले, हे लिहून, त्या आजीच्या संमतीने ते सर्वांसमोर ठेवले, तर त्यावर खोटा हक्क सांगणे अवघड होते. पुराणाच्या नकलाकारांनी पाद्री एस्तेव्हांवचे नाव जसे जपले, तसे आपण त्या आजीचे नाव जपले पाहिजे. मोकळे असणे म्हणजे निनावी असणे नव्हे.

७

तेव्हा काय व्हावे? माझ्या मते ख्रिस्तपुराणाचा एक चिकित्सक देवनागरी पाठ तयार व्हावा. त्यात सालदान्हा आणि मार्सडेन हे दोन्ही पाठ समोरासमोर असावेत, शब्द शोधता यावा आणि तो कोणालाही विनामूल्य वाचता, उतरविता, छापता यावा. मराठी विश्वकोशाचे खंड आज जर असे खुले असू शकतात, तर आपले आद्य महाकाव्य का असू नये? संपादकांच्या टिपा आणि रूपांतरे त्यांची राहोत. त्यांची पुस्तके विकत घेतली जावोत. ज्यांनी ती घेतली नाहीत त्यांनी जरूर घ्यावीत. परंतु मूळ ओवी कोणाच्याही तिजोरीत असू नये. या कामाचा खर्च वाचकावर टाकून भागणार नाही. तो संस्थांनी, धर्मप्रांतांनी, सधन कुटुंबांनी उचलावा. संपादकाला मजुरी मिळावी आणि वाचकाला ग्रंथ विनामूल्य मिळावा, हेच त्या दहाव्या अध्यायातील दोन वचनांचे एकत्र पालन होय.

आपल्यापुरते तर काम आजच सुरू करता येईल. कित्येक घरांत पेटीच्या तळाशी जुन्या गीतांच्या वह्या आहेत, हस्तलिखित प्रार्थनापुस्तके आहेत, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक आहेत. वाळवीला कोणाचीच परवानगी लागत नाही. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, लिहिणाऱ्याचे नाव नोंदवावे आणि ती धर्मग्रामाच्या वाचनालयात सर्वांसाठी ठेवावीत. हक्कदार हयात असतील, तर त्यांची संमती घ्यावी. आदराने विचारले, तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

स्टीफन्स यांच्या पुराणातील तो ब्राह्मण गुरूला ग्रंथ मागताना दिसतो. गुरूने त्याला ग्रंथ दिला, आणि त्या ग्रंथाच्या आधारे एका समाजाची भाषा आणि श्रद्धा दोन्ही तग धरून राहिल्या. आता त्या गुरूच्या आसनावर आपण बसलो आहोत. आपली मुले उद्या तोच प्रश्न विचारतील, की आमचे पुराण कोठे आहे. ते अमुक ग्रंथालयाच्या कपाटात आहे, पण तुला मिळणार नाही, असे उत्तर त्यांना देण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.